जागा सरकारी, माणसं सोळा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. दोन-तीन घरची मंडळी मिळून दरवर्षी एक रात्र डोंगरावर तंबू लावून राहतो. यंदा आम्ही सोळा जण आहोत, त्यात सहा मुलं. सप्टेंबरच्या शेवटी फुलं असतात म्हणून अंजनेरीच्या पठारावर मुक्काम करायचं दिरांच्या मनात आहे. गेल्या वर्षी आवरून निघताना मागे वळून पाहिलं, तर आपण इथं काय करून ठेवलं याचीच लाज वाटली. म्हणून यंदा मी बांबूच्या प्लेटा, विघटन होणाऱ्या पिशव्या, भांड्यांसाठी रिठे आणि ओले टिश्यू आणून ठेवले आहेत. दीर म्हणतात, 'वहिनी, सरकारी जागा आहे, कुणाच्या बापाची नाही. एका रात्रीनं डोंगराला काय होतंय?' त्यांना शेकोटी हवी, कोळशावरचं पनीर हवं, स्पीकर हवा. माझे प्रश्न तीन. आणलंय ते पुरेसं आहे का? शेकोटी कशी करावी? आणि विचारायला संकोच वाटतो, पण सोळा माणसांनी सकाळी जायचं कुठं? घरात वाद न होता हे सगळं जमवायचं आहे.
– एक वहिनी"

वहिनी,

घरचे म्हणतात तर मीही तेच म्हणते. संकोच कसला? तिन्हींत सगळ्यात शहाणा प्रश्न तुमचा तो शेवटचाच आहे. फक्त त्याच्याआधी थोडं भांडून घेऊ, तुमच्याशी आणि भाऊजींशीही.

तुमच्या खरेदीच्या यादीत सगळं आहे, पण खरी अडचण त्या यादीत नाहीच. ती आहे 'सोळा' या आकड्यात आणि 'पठार' या शब्दात. प्लेट बांबूची की प्लॅस्टिकची हा प्रश्न फार नंतरचा. किती माणसं, कुठं आणि कधी, एवढं घरी बसून ठरलं की डोंगराचं जे काही होणार ते बहुतेक तिथंच ठरून जातं.

अंजनेरीचं पठार खालून हिरवंगार दिसतं, पण ती हिरवळ उभी असते कातळावर. वर माती कुठं चार बोटं, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात त्या चिमूटभर मातीत सोनकी, तेरडा, कवला असं सगळं दाटीवाटीनं उगवतं, फुलतं, बी धरतं आणि दिवाळीच्या आसपास वाळून जातं. वर्षभराचा संसार त्या तीन-चार महिन्यांत उरकायचा असतो. याच डोंगराच्या नावावरून शास्त्रज्ञांनी २००६ साली एका कंदीलफुलाचं नाव ठेवलं, सेरोपेजिया अंजनेरिका. जगातल्या मोजक्याच डोंगरांवर ते आढळतं. झाड जेमतेम वीतभर, खाली इवलासा कंद, आणि फुलतं ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे तुम्ही निघताय त्याच सुमाराला. सोळा माणसांना पाच-सहा तंबू लागतात. त्यांच्याखाली काय चिरडलं ते सकाळी तंबू गुंडाळताना कळतही नाही, कारण आपल्याला सगळं गवतच दिसतं.

म्हणजे ज्या फुलांसाठी जायचं, त्यांच्यावरच गादी घालायची. हे काही बरोबर नाही.

आता भाऊजींची 'सरकारी जागा'. त्यांचं निम्मं बरोबर आहे, जागा सरकारीच आहे. पण अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि असं क्षेत्र ज्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जाहीर होतं, त्यात आपल्याला लागू पडतील अशा दोन-तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. तिथं कचरा टाकायला मनाई आहे. जंगलाला धोका होईल अशा रीतीनं विस्तव पेटवायला किंवा तो जळता सोडून यायला मनाई आहे. भाऊजींना मुद्दाम ऐकवावी अशी तिसरी गोष्ट म्हणजे, अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा असं कायदाच सांगतो. कुणाच्या बापाची नाही हे खरं, पण ज्यांच्या बापजाद्यांची गुरं तिथं चरली त्यांना बसायला खुर्ची आहे. रात्री राहायचं तर आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसात विचारा, आणि परवानगी मिळेलच असं धरून तंबू भाड्यानं आणू नका.

'पडीक', 'मोकळी', 'कुणाची नाही' हे शब्द मीही वापरायचे. कॉलेजात असताना आम्ही पाच जण इगतपुरीकडच्या एका किल्ल्यावर राहिलो. थंडी मरणाची. माचीवर एका झुडपाआड वाळलेल्या लाकडांचा ढीग दिसला. आम्हाला वाटलं, देवच पावला. रात्रभर शेकत बसलो, गाणी म्हटली, पहाटेपर्यंत ढीग संपवला. सकाळी खालच्या वाडीतली एक आजी डोक्यावर चुंबळ घेऊन वर आली आणि राखेकडे बघत उभी राहिली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरांनो, ती मोळी होती. नेऊ-नेऊ म्हणत र्‍हायली व्हती." तीन खेपांचं सरपण होतं ते. आम्ही पैसे पुढं केले, तिनं घेतले नाहीत; पैशाची चूल पेटत नाही म्हणाली. पुढं बारा वर्षांनी त्याच माचीवर गेले, तर आम्ही जिथं जाळ केला होता तिथला कातळ अजून काळा होता. तापून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि त्या गोल डागात गवताची काडी नव्हती. पाच जणांची एक रात्र होती ती. तुम्ही सोळा आहात.

मग जायचंच नाही का? जायचं तर, पण दोनदा. सप्टेंबरात फुलं बघायला एका दिवसाची फेरी करा. अंजनेरी नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, त्र्यंबकच्या बसा दिवसभर चालू असतात, तीन-चार गाड्या काढायची गरज नाही. सकाळी लवकर चढा, दुपारी उतरा. वाटेत चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चाला. बूट वाचवायला प्रत्येक जण कडेनं गेला की दोन हातांची वाट आठ हातांची होते, आणि वाढलेले ते सहा हात फुलांकडून घेतलेले असतात. घरून निघताना बुटांचे तळ घासून घ्या. गावातल्या गाजरगवताचं बी वर न्यायला आपलेच बूट पुरतात. बियांचे गोळे फेकायची हौस कुणाला असली तर ती खालीच विसरून या. पठाराला झाडं नाहीत ही त्याची उणीव नाही, ते तसंच आहे.

तंबूची रात्र मात्र दिवाळीनंतर, आणि तीही पठारावर नको, पायथ्याला भात निघालेल्या खाचरात. नोव्हेंबरात त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात भाताची कापणी उरकत आलेली असते. सपाट, वाळलेली, माणसांच्या आणि बैलांच्या पायांना सरावलेली जमीन, चारी बाजूंनी बांध. तंबूला याहून चांगली जागा सह्याद्रीत नाही. तुमचे खुंटे तिला काही करणार नाहीत, पुढच्या पावसाळ्यात तिथं नांगर फिरणारच आहे. फक्त ती कुणाच्या तरी बापाची असते, म्हणून विचारावं लागतं. एखाद्या खाचरात भातामागून ओलीवर हरभरा किंवा मसूर पेरलेला असतो. शहरातल्या डोळ्याला ती नुसती ढेकळं दिसतात. तेव्हा मालक बोट दाखवील त्याच तुकड्यात शिरायचं. ओळख नसेल तर पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत विचारा. जागेचे, पाण्याचे, जेवणाचे पैसे आधी ठरवा आणि निघण्यापूर्वी द्या. गावची माणसं पाहुणा म्हणून पैसे नको म्हणतील. सोळा माणसं पाहुणी नसतात, वऱ्हाड असतं. रात्रीचं जेवण त्याच घरी सांगा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि नवा भात. निम्मा कचरा तिथंच वाचतो, कारण पाकिटं फोडावी लागत नाहीत.

आता सकाळचा प्रश्न. सोळा माणसांनी एकाच रानात एकाच सकाळी जाणं याला काहीही करून चांगलं रूप देता येत नाही. म्हणून मुक्कामाची जागा ठरवतानाच शेजारच्या घरी, शाळेजवळ, मंदिराजवळ वापरता येईल असं संडास आहे का, हे विचारा. घरमालकाला त्याचे वेगळे पैसे द्या आणि पाण्याचा हंडा तुम्ही भरा. खाचर निवडायचं माझं निम्मं कारण हेच आहे. दिवसा डोंगरावर कुणाला वेळ आलीच, तर पाण्यापासून आणि वाटेपासून शंभर पावलं लांब, माती खोल असेल अशा ठिकाणी, झाडाखालच्या पाचोळ्यात जावं. खुरप्यानं एक वीत खड्डा घ्यावा. फार खोल नको, कारण विष्ठा कुजवणारे जीव वरच्याच काळ्या मातीत असतात. झालं की तीच माती वर ओढायची, पाचोळा पसरायचा. दगड ठेवून झाकू नये. दगडाखाली कुजत नाही, नुसतं लपतं, आणि तिथं आधीपासून राहणाऱ्या विंचवाला घर सोडावं लागतं.

पठारावर मात्र हा उपाय चालत नाही, कारण वीतभर माती आणायची कुठून? तिथं दोनच रस्ते. चढण्याआधी उरकून घ्यायचं, नाहीतर पिशवीत घेऊन खाली यायचं. तोंड वाकडं करू नका. कुत्रं फिरवणारे लोक कॉलेज रोडला रोज हेच करतात. जाड पिशवीत थोडी राख किंवा वाळलेली माती, वर गाठ, मग झाकणाचा डबा. कुणाला वास येत नाही. किल्ल्यांवरची कोरीव टाकी तर पावसाचंच पाणी साठवतात. आसपासच्या उतारावर जे काही पडेल ते पहिल्या सरीबरोबर टाक्यात, आणि पुढच्या रविवारी वर येणाऱ्याच्या बाटलीत.

एका बाबतीत आपण पुढारलेले आहोत: आपल्याला कागद लागत नाही, पाण्याची बाटली पुरते. ते ओले टिश्यू मात्र घरीच ठेवा. बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात, ते पुरलं तरी राहतात आणि कुत्री उकरून काढतात. सॅनिटरी पॅड आणि लहानग्यांचे डायपर पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. प्रत्येकीकडे एक काळी चेनची पाऊच द्या, घरी येऊन घंटागाडीत वेगळं गुंडाळून टाका. मोठ्या मुलींना हे निघण्यापूर्वी बाजूला घेऊन सांगा. नाहीतर संकोचापोटी नको तिथं टाकलं जातं, त्यात त्यांची चूक नसते.

तुमच्या बाकीच्या खरेदीवर बोलते, आणि थोडी कडू बोलते. रिठा नैसर्गिक आहे म्हणून तो पाण्याला चालतो, असं नाही. त्याचा फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांना मारक असतं. रिठ्यासारखी फळं कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची जुनी पद्धतच आहे. टाक्यात, ओढ्यात, धरणाच्या कडेला रिठाही नको आणि 'निसर्गस्नेही' लिहिलेला साबणही नको. भांडी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्या, मग घागरभर पाणी बाजूला आणून शंभर पावलांवर धुवा आणि ते पाणी एकाच जागी न ओतता शिंपडून टाका. काश्यपी धरणाच्या काठाला साबण लावून आंघोळ करणारे नाशिककर पाहिले की मला हसू येतं. ते पाणी गंगापूर धरणात येतं आणि तिथून आपल्याच नळाला. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन हात जोडायचे आणि तिच्या माहेरी जाऊन भांडी घासायची!

विघटन होणाऱ्या पिशव्यांचंही तसंच. त्यांतल्या बऱ्याचशा ६० अंशांच्या आसपास तापणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पातच कुजतात. अंजनेरीच्या वाऱ्यावर त्या साध्या पिशवीसारख्याच झुडपाला लटकतात. बांबूच्या प्लेटा आणल्याच आहात तर वाढदिवसाला वापरा. सहलीला घरातल्या स्टीलच्या ताटल्या न्या, नाव कोरलेल्या आत्याच्या लग्नातल्या असतील तर उत्तम, कुणी विसरून येत नाही. पळसाच्या खऱ्या पत्रावळी मिळाल्या तर त्याही छान. वर चकचकीत थर नाही ना, एवढं बघा.

साली, अंड्याची टरफलं, उरलेला भात यांबद्दल 'ते काय, कुजतं' असं म्हणणारा प्रत्येक सहलीत एक असतोच. कुजतं, पण संत्र्याची साल कोरड्या कातळावर नुसती वाळते आणि महिनोन् महिने पडून राहते. तोवर माकडांना कळलेलं असतं की पाठपिशवी म्हणजे जेवण. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांवर माकडानं पिशवीला हात घातला तर काय होईल, याचा विचार मुलांच्या आईनं करावा. उष्ट्यामागं कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. ओलं सगळं झाकणाच्या डब्यात परत आणायचं. घंटागाडी उगाच नाही रोज दाराशी येत.

शेकोटी. पठारावर नाही, यात घासाघीस नाही. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत पेट्रोलसारखं असतं; एका ठिणगीनं लागलेला वणवा विझवायला वनरक्षक आणि गावची पोरं ओल्या फांद्या घेऊन धावतात, तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. खाचराच्या मालकाच्या अंगणात जिथं रोजचा जाळ असतो, तिथंच, त्याच्याकडून विकत घेतलेल्या लाकडावर, तो 'हो' म्हणाला तर, मुलांना शेकू द्या. रान वेचायचं नाही. पडलेलं लाकूड वाळवीचं असतं, भुंग्यांचं असतं, आणि मी सांगितलं तसं कधी कधी एखाद्या आजीचं असतं. विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि तळहाताची मागची बाजू राखेजवळ धरून ऊब लागत नाही ना, ते बघूनच झोपा. पनीरसाठी गॅसची छोटी शेगडी पुरे. रिकामं नळकांडं परत.

उरले भाऊजी. त्यांना नियम वाचून दाखवू नका, मी वर लिहिलेलं तर मुळीच नको. कात्रण उशीखाली ठेवा. ज्याला सगळ्यांत जास्त हौस असते त्याच्याकडे कारभार द्यावा. पाटलांना फोन करणं, खाचर बघायला एका रविवारी आधी जाऊन येणं, पैसे ठरवणं, हे सगळं त्यांच्याकडे. एकदा स्वतः जाऊन त्या घरी चहा प्यायले, तिथल्या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलले की 'कुणाच्या बापाची' हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सुटेल. मुलांचे दोन गट करा. निघताना कोण जास्त कचरा गोळा करतं याची पैज लावा, आणि आपला नसलेला कचरा दुप्पट मोजा. मुलं जिंकायला बघतात आणि मोठ्यांना मुलांसमोर बाटली फेकता येत नाही. पुढच्या वर्षी सोळाचे दोन गट करून वेगवेगळ्या आठवड्यांना जाता आलं तर फारच चांगलं. जावांना ते आवडेल असं मला का कोण जाणे वाटतं.

खुरपं भाऊजींच्याच पिशवीत द्या, कारभाऱ्याकडे असावं. ड्रोन कुणी आणणार असेल तर नको म्हणा, अंजनेरीच्या कड्यात गिधाडांची घरटी असतात.

आणि तो स्पीकर. त्याबद्दल वाद घालू नका. चार्जर घरीच राहिला, असं होतं कधी कधी.